रक्ताचा दाखला

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तिचं नाव ‘पूर्वज_फायनल_खरंच_फायनल’. शीटमध्ये पाच ओळी आहेत, म्हणजे पाच माणसं. त्यातली तीन मेलेली. प्रत्येकासमोर रकाने: जन्म, लग्न, मृत्यू, अपोस्टिल, भाषांतर, नावाचं स्पेलिंग. हिरवा रंग म्हणजे कागद मिळाला, पिवळा म्हणजे मागवलाय, लाल म्हणजे घोळ आहे.

या पाचांपैकी कुणाशीही माझं काही नातं नाही. ही वंशावळ माझ्या एका ब्राझिलियन सहकाऱ्याची. मी मिलानमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इथे येऊन चार वर्षं झाली. हा सहकारी माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो, आणि आता तो मित्र आहे. त्याच्या खापरपणजोबांच्या जोरावर तो इटलीचं नागरिकत्व मागत होता. ‘तुला डेटा नीट लावता येतो,’ असं म्हणून त्याने मला या कामात ओढलं. मी आनंदाने गेलो. घोळ असलेला डेटा दिसला की आमच्यासारख्यांचे हात शिवशिवतात.

पण हे काम करताना मला एक प्रश्न चिकटला, आणि तो अजून सुटलेला नाही. माणूस एखाद्या देशाचा असतो म्हणजे नेमकं काय असतं? आणि ते कागदावर सिद्ध करता येतं का?

आधी कायदा थोडक्यात सांगतो. इटलीत नागरिकत्व ‘रक्ताने’ मिळतं. १८६५च्या नागरी संहितेपासून, मग १९१२च्या आणि पुढे १९९२च्या कायद्यातही तत्त्व तेच: नागरिकाचं मूल नागरिक. मूल कुठे जन्मलं हा प्रश्न नाही. त्यामुळे खापरपणजोबा इटालियन असताना पणजी जन्मली असेल, तर ती जन्मतः इटालियन. तिचा मुलगाही. त्याची मुलगीही. मध्ये कुणी साखळी तोडली नसेल तर ब्राझीलमध्ये जन्मलेला, इटली फक्त फुटबॉलमध्ये पाहिलेला माझा मित्र जन्मापासूनच इटालियन आहे. त्याला नागरिकत्व ‘मिळवायचं’ नाहीये. ते आहेच, ते फक्त ‘मान्य’ करून घ्यायचंय. इटालियन कायद्याची भाषा हीच आहे. मला ती सुरुवातीला फार सुंदर वाटली होती.

मान्य करून घेण्यासाठी लागतात कागद. मूळ पुरुषाचा इटलीतला जन्माचा उतारा. मग प्रत्येक पिढीचे जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले, तेही संक्षिप्त नव्हे तर रजिस्टरातला संपूर्ण मजकूर असलेले. प्रत्येकावर अपोस्टिल, म्हणजे १९६१च्या हेग करारानुसार ‘ही सही खरी आहे’ सांगणारा शिक्का. प्रत्येकाचं इटालियनमध्ये प्रमाणित भाषांतर. आणि सगळ्यांत विचित्र कागद: मूळ पुरुषाने ब्राझीलचं नागरिकत्व कधीही घेतलं नाही, याचा दाखला. तो ब्राझीलचं न्याय मंत्रालय देतं. म्हणजे एका मेलेल्या माणसाने एक गोष्ट ‘केली नाही’ याचा सरकारी पुरावा. त्यावर त्याच्या नावाची जितकी रूपं कागदोपत्री सापडली तितकी सगळी लिहावी लागतात, कारण न जाणो, दुसऱ्या स्पेलिंगने घेतलं असेल तर?

आणि स्पेलिंगं तर विचारूच नका. बाप्तिस्म्याच्या वहीत ‘जुझेप्पे’ असलेला माणूस ब्राझीलमध्ये ‘जुझे’ झाला. मुलीच्या जन्माच्या नोंदीत आडनावातलं एक अक्षर गळलं, तिच्या लग्नाच्या नोंदीत ते परत आलं पण दुसरंच एक बदललं. मी आडनावाच्या नऊ रूपांचा तक्ता केला होता. आमच्या भाषेत सांगायचं तर पाच टेबलं जोडायची आहेत आणि प्रायमरी की कुठेच जुळत नाही.

हे करताना मला सारखी आठवण येत होती ती बारावीनंतरच्या उन्हाळ्याची. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती, आणि बाबा आणि मी तालुक्याला खेटे घालत होतो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला उंदरांनी खाल्लेला. मग शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, मग तहसीलमधलं कोतवाल बुक, गाव नमुना चौदा. चुलत आजोबांच्या नावापुढे एक आडनाव, आमच्या आजोबांपुढे दुसरंच. मग वंशावळीचं शपथपत्र. तुमच्यापैकी अनेकांनी हे केलं असेल. त्यामुळे मित्राने पहिल्यांदा कागदांची यादी दाखवली तेव्हा मी म्हणालो, ‘अरे, हे तर व्हॅलिडिटी आहे!’ आणि मग त्याला अर्धा तास समजावून सांगत बसलो की व्हॅलिडिटी म्हणजे काय.

फरक इतकाच की आमची साखळी सांगत होती, तुमच्या पूर्वजांना जन्मामुळे काय नाकारलं गेलं. त्याची साखळी सांगत होती, जन्मामुळे काय मिळायला हवं. कागद मात्र सारखेच. पिवळे, कोपरे गेलेले, आणि कुणातरी कारकुनाच्या त्या दिवशीच्या मूडवर लिहिलेले.

मित्राचे खापरपणजोबा १८६४ साली वेनेतोमधल्या एका खेड्यात जन्मले. त्या भागात सरकारी जन्मनोंदणी १८७१ला सुरू झाली, त्यामुळे त्यांची नोंद सापडली चर्चच्या वहीत. तिची तारीख पाहून मी थबकलो. १८६४ला वेनेतो इटलीत नव्हताच. तो ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. इटलीचं राज्य १८६१ला झालं, वेनेतो त्यात आला १८६६ला. म्हणजे ज्या माणसाच्या ‘इटालियन रक्ता’वर पाच पिढ्यांची इमारत उभी आहे, तो जन्मला तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाची प्रजा होता. दोन वर्षांचा असताना, युद्ध आणि तह झाल्यावर, तो झोपेत इटालियन झाला. रक्तात काही बदल झाला नव्हता. नकाशा बदलला होता.

पुढे तो बायकोला घेऊन १८८८च्या अखेरीस जेनोआहून बोटीत बसला आणि सांतोस बंदरात उतरला. त्याच वर्षी १३ मे रोजी ब्राझीलने गुलामगिरी संपवली होती, आणि साव पावलोच्या कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे होते. युरोपातून मजुरांची तिकिटं सरकारी पैशांनी काढली जात. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे एक कोटी चाळीस लाख लोक इटलीतून बाहेर पडले. त्यांना कुणी हाकललं नव्हतं, पण भुकेने हाकललं होतं.

उतरून वर्ष होतं न होतं तोच ब्राझील प्रजासत्ताक झालं. नव्या सरकारने फर्मान काढलं: १५ नोव्हेंबर १८८९ला देशात असलेले सगळे परदेशी आता ब्राझीलचे नागरिक, ज्याला नको असेल त्याने सहा महिन्यांत येऊन तसं सांगावं. मळ्यावरच्या, बहुधा अक्षरओळख नसलेल्या मजुराने ते वाचलं असेल? त्याने काही सांगितलं नाही. मग त्याच्या गप्प बसण्याने तो ब्राझिलियन झाला का, आणि इटालियन उरला नाही का? या प्रश्नावर इटलीच्या सर्वोच्च न्यायालयात २०२२ साली, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनी, निकाल लागला: गप्प बसणं म्हणजे नागरिकत्व सोडणं नव्हे, त्यासाठी माणसाची स्वतःची इच्छा दिसायला हवी. तो निकाल वाचून मित्र म्हणाला होता, ‘बघ, माझ्या खापरपणजोबांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, तुझी इच्छा काय होती?’

मग आली पणजी. ती १९०२ला ब्राझीलमध्ये जन्मली. तिचा मुलगा, म्हणजे मित्राचे आजोबा, १९३१चे. आणि इथे साखळीत एक बाई आली म्हणून सगळं अडलं. जुन्या कायद्यात नागरिकत्व बापाकडून यायचं, आईकडून नाही. इटलीची राज्यघटना १ जानेवारी १९४८ला लागू झाली, तिने समानता दिली. घटनात्मक न्यायालयाने १९८३ला सांगितलं की आईकडूनही नागरिकत्व जातं. पण सरकारी कार्यालयं ते १९४८ नंतर जन्मलेल्यांनाच लागू करतात. त्याआधी जन्मलेल्यांच्या वंशजांना कोर्टात जावं लागतं, जिथे २००९पासून निकाल बाजूने लागतात. म्हणजे आजोबा सतरा वर्षं उशिरा जन्मले असते तर खिडकीवर काम झालं असतं. रक्त तेच, पण १९४८ आधी बाईच्या अंगातलं रक्त मोजायची पद्धत नव्हती. ‘रक्ताचा हक्क’ या शब्दांतला दुसरा शब्द किती महत्त्वाचा आहे हे मला इथे कळलं. रक्त निसर्गाचं असतं. कुणाचं मोजायचं हे माणसं ठरवतात.

२०२५च्या फेब्रुवारीत शीट पूर्ण हिरवी झाली. वकिलाने अर्जदारामागे सहाशे युरो फी भरून व्हेनिसच्या कोर्टात दावा दाखल केला. आम्ही दोघांनी पिझ्झा खाल्ला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मित्राने ब्राझीलला फोन लावला. आजोबांची धाकटी बहीण अजून आहे, नव्वदीला टेकलेली. तिला तो आनंदाने सांगत होता की कागद सगळे जमले, तिच्या आईच्या, म्हणजे पणजीच्या, कृपेने. म्हातारी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘तुला कुणी सांगितलं नाही वाटतं. तुझा आजोबा आईच्या पोटचा नव्हता.’

मळ्यावरची एक मजूर बाई बाळंतपणात गेली होती. मूल जगलं. पणजी आणि तिच्या नवऱ्याने ते उचललं, रजिस्टर कचेरीत गेले आणि सांगितलं, हे आमचं. कारकुनाने लिहून घेतलं. ब्राझीलमध्ये हे इतकं चालायचं की त्याला नावच आहे: ब्राझिलियन पद्धतीचं दत्तक. दुसऱ्याचं मूल थेट आपलं म्हणून नोंदवायचं. कायद्याने तो गुन्हा आहे. पण त्या काळात मूल वाचवायचा तो सगळ्यांत जवळचा रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी मित्र ऑफिसला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. कॉफी मशीनपाशी त्याने मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाला, ‘म्हणजे मी इटालियन नाहीच.’

मी म्हणालो, ‘परवा होतास?’

‘परवा मला माहीत नव्हतं.’

‘कागद परवा होते तेच आज आहेत.’

‘म्हणूनच तर. कागद खरे आहेत आणि गोष्ट खोटी आहे. मी कोर्टाला सांगायला नको?’

वकिलाने त्याला सांगितलं की कोर्ट नोंद पाहतं. नोंदीला कुणी आव्हान देऊन ती रद्द करत नाही तोवर नोंदीतलं नातं हेच नातं. पण मित्राचा प्रश्न कायद्याचा नव्हता. तो मला विचारत होता की हे खोटं बोलणं आहे का.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. दोन बाजू मला सारख्याच खऱ्या वाटत होत्या. एक: कायदा म्हणतो रक्त, आपल्याला माहीत आहे रक्त नाही, तरी आपण हात पुढे करतोय. ऑडिटमध्ये आपल्याला ठाऊक असलेला बग लपवण्यासारखं हे आहे. दुसरी: पणजीने त्या मुलाला दूध पाजलं, आडनाव दिलं, वेनेतोची बोली दिली. आजोबा मरेपर्यंत त्याच बोलीत शिव्या द्यायचे. त्यांना ‘तुझ्यात ते रक्त नाही’ असं आता कोण सांगणार, आणि कोणत्या तोंडाने?

त्या रात्री मी पुन्हा ते स्कॅन उघडले. जन्माची नोंद नीट वाचली. जुन्या नोंदी साधारण एकाच साच्यात असतात: अमुक दिवशी, अमुक वाजता, माझ्यासमोर अमुक माणूस हजर झाला आणि त्याने निवेदन केलं की अमुक बाईच्या पोटी मूल जन्मलं, आणि ते त्याचं आहे. खाली साक्षीदार. बस. कारकुनाने बाळंतपण पाहिलेलं नसतं. रक्त तपासलेलं नसतं. तो फक्त लिहून घेतो की हा माणूस आला होता आणि ‘हे माझं’ म्हणाला.

म्हणजे या सगळ्या साखळीत रक्त कुठेच नव्हतं. पहिल्यापासून नव्हतं. मित्राच्या घरात एका ठिकाणी ते तुटलं हे आम्हाला योगायोगाने कळलं, पण ज्या लाखो साखळ्या ‘शुद्ध’ मानल्या गेल्या त्यातही नोंद आहे ती शब्दाचीच. कुणीतरी कुणाला तरी आपलं म्हटलं, आणि राज्याने त्यावर विश्वास ठेवला. आपण ज्याला रक्ताचा हक्क म्हणतो तो खरं तर स्वीकाराचा हक्क आहे.

हे मी मित्राला सांगितलं. तुझ्या पणजीने एक खोटं सांगितलं: हे माझ्या पोटचं. आणि एक खरं सांगितलं: हे माझं. पहिलं खोटं आहे म्हणून दुसरं खोटं होत नाही. तुला कुणी थेट विचारलं तर खोटं बोलू नकोस, एवढंच मी म्हणेन. पण न विचारता मेलेल्या आजोबांना अनाथ करायची जबाबदारी तुझी नाही.

तो म्हणाला, ‘हे तुला पटतंय, की मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस?’

मी म्हणालो, ‘पटतंय. पण यातून पुढे जे निघतं त्याची मला भीती वाटते.’

पुढे काय निघतं ते तीन आठवड्यांनी दिसलं. २८ मार्च २०२५ला इटलीच्या सरकारने एक वटहुकूम काढला, मे महिन्यात त्याचा कायदा झाला. इटलीबाहेर जन्मलेल्या आणि दुसरं नागरिकत्व असलेल्या माणसाने आता दाखवायला हवं की आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणाकडे फक्त इटलीचंच नागरिकत्व आहे, किंवा मरताना होतं. किंवा त्याच्या जन्माआधी आई किंवा वडील नागरिक म्हणून सलग दोन वर्षं इटलीत राहिले होते. नाहीतर ‘त्याने नागरिकत्व कधीच मिळवलं नव्हतं असं समजलं जाईल’. ज्यांचे अर्ज २७ मार्चला रात्री ११:५९पर्यंत, रोमच्या वेळेनुसार, दाखल झाले होते त्यांना जुना नियम.

मित्र वाचला. त्याचा मामेभाऊ नाही. त्याची साखळी हुबेहूब तीच, आजोबांपर्यंतचे कागद आमच्याच शीटमधले. त्याच्या एका दाखल्यावर अपोस्टिल यायचं होतं म्हणून तो थांबला होता. एकाच आजोबांचे दोन नातू: एक जन्मापासून इटालियन असू शकतो, दुसरा जन्मापासून कधीच नव्हता. ‘यापुढे नाही’ असं नव्हे. ‘कधीच नव्हता’. आम्ही कोडमध्ये जुना इतिहास पुसून नवा लिहितो तेव्हा निदान टीमला आधी सांगतो.

सरकारची बाजू मात्र फालतू नव्हती, ती मांडायला हवी. परदेशात राहणाऱ्या इटालियन नागरिकांची संख्या २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत ४६ लाखांवरून ६४ लाखांवर गेली. इटालियन वंशाचे लोक जगात ६ ते ८ कोटी असावेत असा सरकारी अंदाज, म्हणजे खुद्द इटलीच्या लोकसंख्येइतके किंवा जास्त. बेल्लुनो जिल्ह्यातल्या वाल दी झोल्दो या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावाच्या कचेरीत ब्राझीलहून इतके अर्ज साचले की महापौराने निषेध म्हणून कचेरीवर ब्राझीलचा झेंडा लावला. यातल्या पुष्कळांना इटलीत राहायचं नसतं. पासपोर्ट हवा असतो तो लिस्बन, बार्सिलोना किंवा मायामीसाठी. ज्यांना इथला कर भरायचा नाही, इथल्या दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं नाही, ते इथे मत देणार. हे बरोबर आहे का?

राजकीय तत्त्वज्ञ आयलेत शाखर यांनी २००९च्या पुस्तकात नागरिकत्वाला वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेची उपमा दिली आहे. श्रीमंत देशाचा पासपोर्ट म्हणजे जन्माबरोबर मिळालेली इस्टेट, आणि तिच्यावर कर नाही, मर्यादा नाही. त्याआधी १९८७ला जोसेफ कॅरन्स यांनी म्हटलं होतं की आजच्या जगात हे सरंजामी विशेषाधिकारासारखं आहे. शाखर यांचा उपाय असा की नागरिकत्व खऱ्या गुंतलेपणावर ठरावं. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही १९५५ला नोट्टेबोम खटल्यात अशीच कसोटी लावली होती. तो जर्मन माणूस ग्वाटेमालात चौतीस वर्षं राहत होता आणि १९३९ला त्याने लिख्टेनश्टाइनचं नागरिकत्व घेतलं. न्यायालय म्हणालं, नागरिकत्वामागे जगण्याचा खरा संबंध हवा, तो इथे दिसत नाही.

हे वाचून मी खूश झालो होतो. वाटलं, सुटला प्रश्न. रक्त नको, संबंध बघा.

मग मला आठवली माझ्या दुसऱ्या एका सहकाऱ्याची भाची. पंजाबी कुटुंब. वडील क्रेमोनाजवळ गाईंच्या गोठ्यात काम करतात. या भागातलं चीज ज्या दुधाचं होतं ते दूध काढणाऱ्यांत पंजाब्यांची संख्या मोठी आहे. मुलगी इथल्याच सरकारी दवाखान्यात जन्मली, इथेच शाळेत गेली. ती माझं इटालियन ऐकून हसते. जनावरांच्या डॉक्टरशी ती क्रेमोनाच्या बोलीत बोलते, वडिलांसाठी दुभाष्याचं काम करते. मागच्या वर्षी तिच्या वर्गाची परदेशी सहल गेली तेव्हा व्हिसा लागणारी ती एकटीच होती.

ती इटालियन नाही. १९९२च्या त्याच कायद्यानुसार, परदेशी आई-बापांचं इथे जन्मलेलं मूल अठराव्या वर्षापर्यंत अखंड इथे राहिलं असेल तर एकोणीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज करू शकतं. एक वर्षाची खिडकी. तिनेही कागद जमवायला घेतलेत. एका रविवारी तिच्या घरी मी ती फाइल पाहिली: लसीकरणाचं कार्ड, बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं, राहत्या पत्त्याचे दाखले.

‘भैया, बघा ना, दोन हजार बारामध्ये आम्ही सहा महिने जालंधरला होतो, आजी आजारी होती म्हणून. ते अडेल का?’

मी तिला म्हटलं, शीट करूया.

आता माझ्याकडे दोन शीट आहेत. एकीत मेलेल्या माणसांचे कागद, दुसरीत जिवंत मुलीचे. एकीत पाच पिढ्या आणि दोन खंड. दुसरीत एकच माणूस आणि अठरा वर्षं, सगळी एकाच गावातली. पहिल्या शीटमधल्या माणसाला कुणी विचारत नाही की तू इथे किती राहिलास. दुसरीला कुणी विचारत नाही की तुला कुणी आपलं म्हटलं का.

जून २०२५मध्ये इथे जनमत घेतलं गेलं. युरोपबाहेरच्या माणसांना नागरिकत्वाच्या अर्जासाठी दहा वर्षं राहावं लागतं, ती पाच करायची का? मतदान ३० टक्क्यांच्या आसपास झालं, अट निम्म्याहून जास्त मतदारांची होती. बाद. दहाची दहाच राहिली. माझी चार झालीत. आणि दहा झाली तरी मी काय करणार, मला माहीत नाही. कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. दुसऱ्याचं घेतलं की आपलं जातं.

आणि नुसतं इटलीकडे बोट दाखवून चालणार नाही. आपल्याकडे १ जुलै १९८७पूर्वी भारतात जन्मलेलं मूल सहसा आपोआप भारतीय होतं. त्यानंतर आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४पासून दुसरा पालक बेकायदा आलेला नसावा हीही. आपण मातीकडून रक्ताकडे चालत आलो, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते कळलंही नाही, कारण आपली साखळी कुणी मागितली नव्हती. गोव्यातल्या लोकांना मात्र विचारा. १९ डिसेंबर १९६१पूर्वी तिथे जन्मलेल्या आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदीवर नातवाचं पोर्तुगालचं नागरिकत्व ठरतं. माझा एक गोवेकर मित्र दोन वर्षं त्या कागदांमागे आहे. त्याला पोर्तुगीजचा एक शब्द येत नाही. मी त्याला नावं ठेवू शकत नाही. दार उघडं दिसलं तर कुणीही ढकलून बघेल.

मागच्या उन्हाळ्यात मी उंब्रियातल्या मोंतोने नावाच्या गावी गेलो होतो. तिथे एक स्मारक आहे, सूर्यघड्याळाच्या रूपात. नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४ला तेवेरे नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले असताना ते एकटे मशीनगनवर चालून गेले, ती बंद पाडली आणि तिथेच गोळ्या लागून पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडकडचा पोरगा, दुसऱ्याच्या राजासाठी, तिसऱ्याच्या देशात. त्या मातीत त्याचं रक्त आहे, अक्षरशः. पण ते रक्त कोणत्याही रजिस्टरात वारसा म्हणून चालत नाही, आणि चालावं असंही मी म्हणत नाही. मी फक्त तिथे उभा राहून विचार करत होतो की ‘रक्ताचा हक्क’ हे शब्द किती सहज वापरतो आपण.

मला भीती कशाची वाटत होती ते आता सांगतो. रक्त म्हटलं की निर्णय कुणी घेतला हे विचारावं लागत नाही. ते निसर्गाचं होतं, आपण काय करणार? जात अशीच टिकली. पण एकदा मान्य केलं की साखळीत रक्त नव्हतं, स्वीकार होता, की मग स्वीकार न करणाऱ्यालाही कारण द्यावं लागतं. पणजीने परक्या बाईचं मूल उचललं ती तिची निवड होती. मामेभावाला ‘कधीच नव्हतास’ म्हणणं हीही निवड आहे. क्रेमोनाच्या मुलीला अठरा वर्षं थांबवणं हीसुद्धा. निवड वाईटच असते असं नाही. देशाला दार असतं, आणि दाराला कुठेतरी कडी असणार. मामेभावापेक्षा त्या मुलीचा हक्क मोठा, असं मला वाटतं, आणि हे मी मित्रासमोर बोललो आहे. तो रागावला नाही. म्हणाला, ‘मोठा असेल. पण माझा भाऊ काल झोपला तेव्हा इटालियन होता. उठला तर नाही. तुला कुणी असं केलं तर?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एखाद्याला देणं आणि दिलेलं ‘कधी दिलंच नव्हतं’ म्हणणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कबूल करावं लागलं.

मित्राचा दावा अजून कोर्टात आहे. म्हातारीने सांगितलेलं त्याने आईला सांगितलं. आई म्हणाली, मला माहीत होतं, म्हणून काय?

आणि त्या मुलीच्या शीटमध्ये एक लाल रकाना आहे: २०१२चे ते सहा महिने. त्या काळात पत्ता इथलाच लागलेला होता का, घरभाडं चालू होतं का, डॉक्टरकडे नाव राहिलं होतं का, हे शोधतोय. आई-वडिलांच्या कागदोपत्री चुकांचा फटका मुलाला बसू नये, अशी तरतूद इथे २०१३ला झाली आहे, तिचा आधार मिळेल असं वाटतं. परवा तिने बालवाडीतल्या बाईंचं एक पत्र आणलं. बाईंनी हाताने लिहिलंय की ही मुलगी माझ्या वर्गात होती, गावाला जाऊन आली तेव्हा मुलांनी तिच्यासाठी चित्रं काढली होती, ती मला आठवते.

कचेरीत हे पत्र पुरावा म्हणून चालेल का, कोण जाणे. मी ते स्कॅन करून शीटला जोडलंय. रकान्याला काय नाव द्यावं ते सुचेना, म्हणून लिहिलं: ‘आपली म्हटल्याची नोंद’.